वकिलीच्या आधीची वर्षे

वकील व्हावयाचे तर कायद्याच्या कॉलेजात जावे लागते, हे सर्वांस ठाऊक आहे. पण त्या कॉलेजात पाऊल टाकण्यापूर्वी बी.ए. किंवा बी.कॉम.ची जी वर्षे काढावी लागतात, त्यांचे काय करावयाचे, हे फारसे कोणी विचारीत नाही. गाडी येईपर्यंत फलाटावर बसून राहावे, तशी ती काढावयाची असा एकंदर समज आहे. आमचे म्हणणे याच्या उलट आहे. महाराष्ट्रात वकिलीचा जो इतिहास घडला तो पाहता, वकील तयार झाला तो पुष्कळदा ह्या आधीच्या वर्षांतच तयार झाला, असे आम्हांस वाटते.

कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने वकिलीच्या शिक्षणावर बोलावे याचे काहींस नवल वाटेल. आमच्या नावापुढे पदवी नाही. जे थोडेफार वाचले ते युनियनच्या कचेरीत, सभा उठल्यावर. परंतु १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात एक मौजेची तरतूद होती. तडजोडीच्या कामात वकिलास मज्जावच होता. न्यायाधिकरणापुढेदेखील समोरच्या पक्षाची संमती आणि न्यायाधिकरणाची परवानगी असल्याशिवाय वकिलास उभे राहता येत नसे. युनियनच्या पदाधिकाऱ्यास मात्र ती मुभा होती. यामुळे आमच्यासारख्यांना काळा कोट न घालता बाजू मांडण्याची सवय झाली, आणि जेथे वकील येत तेथे त्यांच्या शेजारी बसून कोण कसे काम करतो हेही पाहता आले. कलमे तोंडपाठ असलेला, पण हजेरीपट वाचता न येणारा वकील आम्ही पाहिला आहे. कलम विचारून घेणारा, पण हजेरीपटातील खाडाखोड एका नजरेत पकडणारा वकीलही पाहिला आहे. दोघांपैकी कामगारांना कोण हवा असतो, हे सांगावयास नको.

या प्रश्नाचे निमित्त काल्हेरचे आहे. ठाण्याहून जुन्या आग्रा रस्त्याने भिवंडीकडे निघाले आणि कशेळीची खाडी ओलांडली, की हे गाव लागते. आगरी-कोळ्यांची वस्ती, भाताची खाचरे, मासेमारी, खाडीतील रेती, हा जुना संसार. पुढे खाचरांवर गोदामे उभी राहिली, आणि आज देशभरचा माल ह्या पट्ट्यात उतरतो आणि चढतो. गोदामात ओझी वाहणाऱ्यांची मुले आणि ज्यांच्या जमिनीवर गोदामे उठली त्यांचीही मुले भिवंडीच्या नाहीतर ठाण्याच्या कॉलेजात जातात. त्यांतील एखादा मुलगा, आणि अलीकडे एखादी मुलगीसुद्धा, आमच्या कचेरीत येऊन विचारते, "काका, मला लॉ करायचंय. आतापासून काय वाचू?" ह्या प्रश्नाला उत्तर द्यावयाचे तर थोडे मागे जावे लागेल.

कंपनी सरकारच्या अमदानीत, १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनांनी जिल्हा कोर्टांतील वकिलांना सनदा देण्याची पद्धत घालून दिली. त्या काळी वकिलास पदवी नव्हतीच, कारण पदवी देणारे विद्यापीठच नव्हते. मुंबईत कायद्याचे शिक्षण सुरू झाले ते १८५५ साली. सर अर्स्किन पेरी या न्यायाधीशांच्या नावाने न्यायशास्त्राचे अध्यापकपद स्थापन झाले, आणि आजच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचा उगम त्यातच आहे. दोन वर्षांनी, म्हणजे १८५७ मध्ये, मुंबई विद्यापीठ निघाले. १८६२ मध्ये त्याची पहिली बी.ए.ची तुकडी बाहेर पडली. तीत महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक होते. ह्या चौघांपैकी रानडे आणि वागळे पुढे कायद्याकडे वळले आणि १८६६ साली एलएल.बी. झाले.

आता रानड्यांची मधली वर्षे पाहा. १८६२ साली बी.ए., १८६४ साली एम.ए., आणि त्यानंतर दोन वर्षांनी कायद्याची पदवी. ह्या काळात ते इतिहास आणि अर्थशास्त्र वाचीत होते, कॉलेजात शिकवीत होते आणि 'इंदुप्रकाश'च्या इंग्रजी बाजूस लिहीतही होते. वाचन एवढे, की डोळे कायमचे अधू झाले. न्यायाधीश म्हणून त्यांची जी कीर्ती झाली, तिच्यामागे कलमांपेक्षा शेतकऱ्याचे कर्ज आणि सावकारी यांचा अभ्यास अधिक होता. पुण्यात १८७५ साली जी वसंत व्याख्यानमाला सुरू झाली तिच्या मुळाशीही रानडेच. म्हणजे आपण आज ज्या प्रथेने येथे जमलो आहोत, ती पाडणारा माणूस कायद्याचा पदवीधर होता, आणि त्याने लोकांना व्याख्याने ऐकावयास बोलाविले ती कायद्यापुरती नव्हती.

टिळकांची गोष्ट निराळी. डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष त्यांनी अभ्यास बाजूस ठेवून शरीर कमावण्यात घालविले, हे सर्वश्रुत आहे. (कोणी विद्यार्थी घरी हा दाखला देणार असेल तर त्याने पुढचे वाक्यही सांगावे.) त्यानंतर त्यांनी गणित घेऊन बी.ए. केले आणि १८७९ मध्ये एलएल.बी. झाले. वकिली अशी त्यांनी केलीच नाही. १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल निघाले आणि ते शिक्षक झाले. तरीही कायदा त्यांच्या आयुष्यात सारखा येत राहिला. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात त्यांनी आपला बचाव आपणच केला आणि एकवीस तासांहून अधिक वेळ ते बोलले. त्यांना शिक्षा ठोठावणारे न्यायमूर्ती दावर यांनीच १८९७ च्या खटल्यात वकील म्हणून त्यांच्या जामिनासाठी खटपट केली होती. ते भाषण आम्ही मराठीत आणि पडतझडत इंग्रजीतही वाचले आहे. एक पायरी सिद्ध केल्यावाचून दुसरीवर पाय ठेवावयाचा नाही, ही जी त्याची ठेवण आहे, ती गणिताच्या माणसाची आहे असे आम्ही समजतो. पंडितांचे मत वेगळे असू शकेल.

टिळकांचे आणखी एक काम आज फारसे कोणास आठवत नाही. १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यावर त्यांनी पुण्यात कायद्याचा खाजगी वर्ग चालविला. हायकोर्ट प्लीडर आणि डिस्ट्रिक्ट प्लीडर ह्या परीक्षांची तयारी तेथे होई. ह्या परीक्षांचे महत्त्व असे, की विद्यापीठाची पदवी नसलेल्या माणसालाही जिल्ह्याच्या कोर्टात वकिली करण्याचा मार्ग त्यांतून मिळे. ज्याच्या बापाला मुलास चार-सहा वर्षे कॉलेजात ठेवणे परवडत नसे, तो ह्या दाराने आत येई. महाराष्ट्रातील तालुक्या-तालुक्याच्या कोर्टांत एके काळी असे पुष्कळ वकील होते.

आणि ज्यांना हे दारही मिळाले नाही, त्यांचे काय? येथे आम्हांस ठाण्याच्या एका माणसाचे नाव घेतलेच पाहिजे. नारायण मेघाजी लोखंडे १८४८ मध्ये ठाण्यात जन्मले. शिक्षण शाळेपुरते, रेल्वे आणि टपाल खात्यांत नोकऱ्या केल्या, मग गिरणीत स्टोअरकीपर झाले. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. रविवारी सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाची वेळ सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंत, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत, कामावर इजा झाल्यास त्या काळाचा पगार, अशा त्यांतील मागण्या. हा अर्ज आम्ही नव्या कार्यकर्त्यांना नेहमी समजावून सांगतो. त्यात रडगाणे नाही. प्रत्येक मागणी अशी मोजून मांडली आहे, की ती उचलून कायद्याचे कलम करावे. आणि पुढे झालेही तसेच. १८९० च्या जून महिन्यात गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली, आणि १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुटी व दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आली. लोखंड्यांपाशी सनद नव्हती. स्टोअरच्या वह्या मात्र होत्या. किती माल आला, किती गेला, किती शिल्लक, हे लिहिण्याची ज्याला सवय, त्याचा अर्ज असाच उतरणार.

स्त्रियांना तर सनद असून नसल्यासारखी. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजात शिकल्या, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या, आणि १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा उतरल्या. तथापि स्त्रियांना वकिली करू देणारा कायदा हिंदुस्थानात झाला तो १९२३ साली. मधली एकतीस वर्षे बाईंनी पडदानशीन स्त्रियांच्या मिळकतींची कामे पाहण्यात घालविली. आज काल्हेरची मुलगी विचारावयास येते तेव्हा ही एकतीस वर्षे आम्हांस आठवतात.

असो. आता बाबासाहेब आंबेडकरांकडे येऊ. कारण आमच्या प्रश्नाला सरळ उत्तर त्यांच्याच चरित्रात आणि त्यांच्याच लेखणीत सापडते. शाळेत संस्कृत नाकारले गेले म्हणून त्यांनी फारसी घेतली. १९१२ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए., १९१३ पासून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र. आणि कायद्यासाठी ग्रेज इनमध्ये नाव दाखल केले ते १९१६ साली. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये परत यावे लागले. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठविले, मित्राकडून कर्ज घेतले, शाहू महाराजांचे साहाय्य झाले, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले आणि १९२३ पासून मुंबई हायकोर्टात वकिली करू लागले. त्या काळी बॅरिस्टर होण्यास इनमध्ये ठराविक संख्येने जेवणे घ्यावी लागत. पुष्कळांनी ती जेवली. आंबेडकरांनी जेवणांबरोबर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये रुपयाच्या प्रश्नावर प्रबंधही लिहिला.

ह्या वाचनाचा उपयोग कोर्टात काय झाला, ते महाडच्या खटल्यात दिसते. १९२७ च्या सत्याग्रहानंतर चवदार तळ्याबद्दल दिवाणी दावा लागला. आंबेडकर त्यात प्रतिवादी होते. तो महाडच्या कोर्टातून अपिलात आपल्या ठाण्यास आला, १९३३ मध्ये येथे निकाल झाला, आणि १९३७ च्या मार्च महिन्यात हायकोर्टाने शेवटचा निर्णय दिला. वादींचे म्हणणे असे, की अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची वहिवाट अनादि कालापासूनची आहे. कायदा काय म्हणतो याविषयी वाद थोडा होता. ही वहिवाट खरोखर किती जुनी, याविषयी मोठा होता. तळे कोणाचे, नगरपालिकेकडे केव्हा आले, त्यापूर्वी काय स्थिती होती, हे कागदोपत्री शोधावे लागले. अनादि वहिवाट सिद्ध झाली नाही आणि दावा फेटाळला गेला. म्हणजे तो खटला इतिहासाच्या पुराव्यावर फिरला. बी.ए.ला इतिहास घेतला तर पुढे काय उपयोग, असे विचारणाऱ्या पालकांना आम्ही हेच उदाहरण देतो.

१९३५ च्या जूनमध्ये आंबेडकर गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. पुढच्या वर्षी, १९३६ मध्ये, कॉलेजच्या नियतकालिकात त्यांनी मुंबई इलाख्यातील कायद्याच्या शिक्षणाच्या सुधारणेवर एक लेख लिहिला. नुसत्या कायद्याचा अभ्यास वकिलास पुरत नाही, त्याच्या जोडीला इतर पूरक विषय हवेत, नाहीतर ते शिक्षण अपुरे राहते, असा त्याचा आशय आहे. पुढे पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले. ते सकाळी भरे, म्हणून नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता येई. १९५६ मध्ये त्याच संस्थेचे कायद्याचे कॉलेजही निघाले. काय शिकावे हा विचार एकीकडे, आणि शिकणाऱ्याला वेळ कोठून मिळणार हा विचार दुसरीकडे. शिक्षणतज्ज्ञांपैकी फार थोड्यांनी हे दोन्ही एकत्र केले आहेत.

स्वातंत्र्यानंतर वकिलीच्या पायऱ्या एकसारख्या करण्यासाठी १९६१ चा अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट आला. प्लीडर, मुखत्यार वगैरे भेद जाऊन सारे अ‍ॅडव्होकेट झाले. हे चांगलेच झाले. परंतु १२ मार्च १९६७ नंतर नव्या उमेदवारास आधी पदवी आणि मग तीन वर्षांचा कायदा, असा नियम ठरला. ज्या दाराने मॅट्रिक झालेला माणूस टिळकांच्या वर्गातून कोर्टात शिरे, ते दार अशा रीतीने बंद झाले. १९८० नंतर बारावीवरून थेट पाच वर्षांचा अभ्यासक्रम निघाला, बंगळूरचे राष्ट्रीय विधी विद्यालय निघाले, आणि त्याच वळणाची विद्यापीठे २०१५ पासून मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद येथेही झाली. पाच वर्षांत कायद्याबरोबर अर्थशास्त्र आणि इतिहास शिकवावयाचा, ही कल्पना आंबेडकरांच्या लेखाला धरूनच आहे. पण तेथील प्रवेशपरीक्षा इंग्रजीत, आणि खर्च ओझी उचलणाऱ्या माणसाच्या आवाक्याबाहेरचा. काल्हेरच्या मुलाला बहुधा पदवीनंतरचा तीन वर्षांचाच रस्ता उरतो. म्हणून पदवीच्या वर्षांचा प्रश्न हा त्याचाच प्रश्न आहे.

ह्या रस्त्यावरही अडथळे आहेत, आणि ते आधी माहीत असावेत. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे पदवीस निदान ४५ टक्के गुण लागतात, राखीव वर्गांना थोडी सूट आहे. कायद्याचे वर्ग सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातच्या पुढे भरविता येत नाहीत, आणि हजेरी सत्तर टक्के लागते. म्हणजे दिवसपाळी करून रात्री कायदा शिकावयाचा, हा बेत करू नये. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची, कारण आमच्या कामगारांत ती नेहमी घडते. बारावी न होता मुक्त विद्यापीठाच्या पूर्वतयारीच्या वाटेने थेट पदवी घेतलेल्यास ह्या नियमांनुसार कायद्याला प्रवेश नाही. बारावी करून मग मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली तर चालते. ज्याला पुढे वकील व्हावयाचे आहे, त्याने बारावी टाळू नये. तीन वर्षे घालवून हे कळण्यापेक्षा आज येथे कळलेले बरे.

२०१६ पासून महाराष्ट्रात कायद्यासाठी सामायिक प्रवेशपरीक्षा आहे. सामान्यज्ञान, तर्क, इंग्रजी आणि कायद्याचा कल, असे तिचे विषय. उत्तरे खुणा करून द्यावयाची. इंग्रजीचा भाग सोडल्यास ती मराठीतूनही देता येते. हिच्यासाठी शेवटचे काही महिने पुरेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. बी.ए.च्या पहिल्या वर्षापासून खुणा करण्याचा सराव करणारी मुले आम्ही पाहतो आणि वाईट वाटते. त्याहून वाईट वाटते ते जुन्या बाजारातून दंडसंहितेचे गाइड आणून पाठ करणाऱ्यांचे. १८६० ची ती संहिता १ जुलै २०२४ पासून गेली, तिच्या जागी न्याय संहिता आली आणि कलमांचे आकडे बदलले. कामगार कायद्यांचेही तसेच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या, आणि ज्या १९४७ च्या कायद्यावर आम्ही केस पांढरे केले तो इतिहासजमा झाला. कलमे अशी बदलतात. हजेरीपट कसा वाचावा, साक्षीदाराला काय विचारावे, परिच्छेद कसा लिहावा, हे बदललेले नाही.

मग त्या मुलांना आम्ही काय सांगतो? पहिली गोष्ट भाषेची. १९९८ पासून महाराष्ट्रातील खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे, आणि हायकोर्टाची इंग्रजी. पक्षकार बोलतो आगरी, नाहीतर भोजपुरी, नाहीतर यंत्रमागावरची उर्दू. इतक्या भाषांतून एकच हकीगत बिनचूक नेता आली पाहिजे. म्हणून आम्ही त्यांना रोज एक पान लिहावयास लावतो. आज गोदामात काय घडले, कोणी कोणास काय म्हटले, किती वाजता. विशेषण एकही नको. आठवड्यातून एकदा तेच पान इंग्रजीत. पहिले दोन महिने मुले कंटाळतात.

दुसरे, घरचे कागद. ज्याच्या घरी सातबारा आहे त्याने तो काढावा आणि त्यावरील प्रत्येक फेरफाराचा नंबर घेऊन आजोबांना विचारावे. खाचराचे गोदाम केव्हा झाले, बहिणींची नावे कोणत्या साली गेली, कुळ कोण होते, हे त्यांतून निघते. ज्याच्या घरी माथाडी आहे त्याने बापाचे कार्ड आणि पगाराची नोंद पाहावी. १९६९ चा माथाडी कायदा महाराष्ट्राचा स्वतःचा. मुकादमाच्या टोळीतील हमालाला, ज्याला ठराविक मालक नव्हता, त्याला ह्या कायद्याने मंडळात नोंदविले. मालक मजुरी आणि वर लेव्ही मंडळाकडे भरतो, आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधोपचार चालतात. नोंद नसलेली टोळी आणि नोंद असलेली टोळी एकाच धक्क्यावर काम करीत असली, तर दोघांना महिनाअखेर काय मिळते, हे मुलाने कागदावर मांडावे. बी.कॉम.च्या मुलास हे एका संध्याकाळचे काम आहे, आणि कामगार वकिलाचा अर्धा धंदा त्यात आहे.

तिसरे, कोर्ट. आपल्याकडे न्यायालय उघडे असते. एरवी कोणीही नागरिक मागच्या बाकावर जाऊन बसू शकतो, हे पुष्कळांस माहीत नाही. सुटीच्या दिवसांत भिवंडीच्या दिवाणी कोर्टात नाहीतर ठाण्याच्या लेबर कोर्टात जाऊन बसावे. मोबाइल बंद ठेवावा, शिपायास नमस्कार करावा, वहीत लिहून घ्यावे. पहिल्या दिवशी बहुतेक तारखाच पडतील. तारीख का पडली हे रोज लिहिले, तर पंधरा दिवसांत न्यायव्यवस्थेचे जे ज्ञान होते ते पुस्तकात मिळावयाचे नाही.

गेल्या वर्षी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी अशी बसत होती. वडील गोदामात, नोंद नसलेल्या टोळीत. विषय अर्थशास्त्र. तिच्या वहीत एके दिवशी लिहिले होते, की अमुक दाव्यात आज सातव्यांदा तारीख पडली. पैकी पाच वेळा कारण एकच, कामगाराने कामावर होतो असे दाखविणारा कागद आणला नाही. तिने विचारले, "काका, तो कागद त्याच्याकडे असणार कुठून? हजेरी मुकादमाच्या खिशात." आम्ही तिला म्हटले, वडिलांच्या टोळीत किती माणसे आहेत? म्हणाली, अकरा. त्या दिवसापासून ती अकरा जणांची हजेरी आपल्या वहीत लिहिते, तारीखवार, गाडीच्या नंबरासह, आणि खाली प्रत्येकाची सही अगर अंगठा घेते. पदवीला अजून एक वर्ष आहे. वही दुसरी लागली आहे.